घर बांधणें आणि घर घेणें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हण करणारानें घर बांधण्याचे कष्ट सांगितले. विकत घेण्याविषयीं तो चकार शब्द काढीत नाहीं. हें मौन आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. ज्या समाजांत ही म्हण रूढ झाली त्यांत ‘कोणतें घर घ्यावें’ हा प्रश्न बहुतेकांस पडतच नसे. घर बांधलें जाई, वारशानें येई, भाऊबंदकींत वांटलें जाई; बाजारांतून निवडून आणण्याची ती वस्तु नव्हती.

जुन्या गांवाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग असत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरींत कोणाची जागा कोठें, हें वतनावरून व जातीवरून ठरलेलें असे, आणि महारवाडा तर गांवकुसाच्या बाहेरच. त्या काळीं निवडीची यातायात नव्हती असें कोणी कौतुकानें म्हणूं लागला, तर त्यानें गांवकुसाबाहेरच्या माणसाची साक्ष आधीं काढावी. घरांची खरेदी-विक्री मुळींच होत नसे असें मात्र नाहीं. खरेदीखतें होत, आणि त्यांत घराच्या चतुःसीमा लिहीत : पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस तमक्याची भिंत. म्हणजे घराची ओळख त्याच्या शेजारावरून पटे, आणि पायांखालची माती घराबरोबरच हातीं येई. या दोन गोष्टी वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या.

मुंबईनें हें सारें पालटलें. तेथें आलेल्या चाकरमान्यानें खोली ‘घेतली’ म्हणजे ती भाड्यानें घेतली, असाच अर्थ कित्येक पिढ्या होता. घर गांवीं असे, मुंबईस बिऱ्हाड. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला, आणि चाळींतील अंधाऱ्या, कोंदट खोल्या हा सरकारच्याही चिंतेचा विषय झाला. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाटीच्या वस्तींतून रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडले. घर पाहावयास जाणारा मनुष्य खिडकी कोणत्या दिशेस आहे, नळ व मोरी स्वतंत्र आहे कीं सामाईक, असें विचारूं लागला तें या काळापासून.

पुढचें पाऊल गांवदेवींत पडलें. सहकारी संस्थांचा १९१२ चा कायदा होऊन पतपेढ्यांखेरीज इतर संस्थांसही वाट मोकळी झाली होती. तिचा लाभ घेऊन श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ मध्यें सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. इमारत संस्थेची आणि राहण्याचा हक्क सभासदाचा, ही कल्पना मुंबईच्या मध्यमवर्गास तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. परंतु संस्था ज्ञातीपुरती होती. चतुःसीमेंतील शेजार आतां सभासदांच्या यादींत येऊन बसला. हें प्रकरण जुनें झालें असें समजूं नये. एका पारशी गृहसंस्थेच्या वादांत असा समाजापुरता पोटनियम सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ग्राह्य धरला. सहकाराचें तत्त्व एवढें उदार असतां त्याच्या दारावर ज्ञातीची पाटी राहावी, हें आम्हांस खटकतें.

यानंतर लोक घरें विकत घेऊं लागले ते हौसेनें नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं गोठलीं. बिऱ्हाडकरूस आसरा मिळाला खरा, पण मालकानें डागडुजी सोडली, भाड्यासाठीं नवी इमारत बांधणें आतबट्ट्याचें झालें, आणि पागडी आली. उशिरा आलेल्यास विकत घेण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. त्यानें घेतलें तें काय? चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक. त्यालाच पुढें फ्लॅट म्हणूं लागले. वर आकाश नाहीं, दुसऱ्याची फरशी आहे. खालीं माती नाहीं, तिसऱ्याचें छत आहे. चतुःसीमा लिहावयाच्या तर एकीकडे जिना आणि दुसरीकडे नुसती हवा! अशा घराची मालकी ही कागदाखेरीज कोठेंही दिसत नाहीं.

कायद्यानें हें ओळखण्यास वेळ लावला. महाराष्ट्राचा मालकी फ्लॅटांविषयींचा कायदा १९६३ चा. बांधणारानें जमीन व इमारत सभासदांच्या संस्थेच्या नांवें लेखी करून द्यावी, ही जबाबदारी त्यानें घातली. तरीही पुष्कळ इमारतींत लोक नांदूं लागले, मुलांचीं लग्नें झालीं, आणि जमीन मात्र बांधणाराच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नांवावर राहिली. अखेर २००८ च्या दुरुस्तीनें ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय करावी लागली, म्हणजे बांधणारा सही करीत नसेल, तर अधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्थेनें तो हक्क मिळवावा. नांव बोजड आहे, पण ज्यांची इमारत जीर्ण होऊन पुन्हा बांधावयाची वेळ आली त्यांस त्याचा अर्थ चांगला कळतो. ज्या जमिनीवर आपण जन्म काढला ती आपली नाहीं, हें त्यांस तेव्हां कळतें.

विकणारानें मालमत्तेंतील व हक्कांतील गुप्त दोष आपणास ठाऊक असल्यास सांगितलेच पाहिजेत, असें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. पण साध्या दक्षतेनें घेणारास दिसला असता असा दोष त्यांत येत नाहीं. तो पाहणें घेणाराचें काम. एवढें असून घर पाहावयास गेलेलें कुटुंब आजही फरशी, ओटा आणि गच्चीवरचें वारें पाहून परत येतें. महारेराच्या नोंदणीमुळें २०१७ पासून नव्या बांधकामाचे कागद घरबसल्या वाचतां येतात, ही मोठीच सोय झाली. जुन्या इमारतींतील घर घेणारानें मात्र संस्थेच्या चिटणीसाकडे जाऊन मालमत्ता पत्रकाचा उतारा मागावा, आणि त्यावर नांव कोणाचें आहे तें ओटा पाहण्याच्या आधीं वाचावें.