सक्रिय श्रवण : गटप्रशिक्षण

बोलणाऱ्याच्या शब्दांसह त्यामागील भावना व हेतू जाणणे आणि समजलेला आशय त्याच्याकडूनच पडताळून घेणे, या कौशल्यास सक्रिय श्रवण म्हणतात. कार्ल रॉजर्स व रिचर्ड फारसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९५७ मधील पुस्तिकेमुळे ही संज्ञा रूढ झाली. मात्र जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी (१६०८–८१) दासबोधात श्रवणभक्तीला स्वतंत्र समास दिला आहे आणि त्यातील श्रोता शंकाही विचारतो, ही बाब प्रशिक्षकांकडून सहसा दुर्लक्षिली जाते.

गटप्रशिक्षणात तिघांचे गट करून वक्ता, श्रोता व निरीक्षक या भूमिका आळीपाळीने दिल्या जातात. श्रोत्याने उत्तर देण्यापूर्वी वक्त्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे स्वतःच्या शब्दांत मांडायचे, तर निरीक्षकाने मध्येच तोडलेले बोलणे व न विचारता दिलेले सल्ले लक्षात ठेवायचे असतात. जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावी बचत गटाची बैठक किंवा ग्रामसभा यांसाठी ही पद्धत वापरता येते, कारण तिला लेखन-वाचन लागत नाही. तथापि वय, जात वा नात्यातील मान यांमुळे धाकटी सून सासूसमोर मोकळेपणी बोलत नसल्यास केवळ भूमिका बदलून भागत नाही. गटांची रचनाच विचारपूर्वक करावी लागते.