पर्सीच्या शिक्षकाचे म्हणणे

१/ ७ नोव्हेंबर १८९६. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता चौदा वर्षांचा पर्सी. हुशार, चटपटीत, खेळात सवंगड्यांच्या बरोबरीचा. परंतु त्याला वाचता येत नव्हते. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, त्याच्या इतिहासातील ही एक आद्य नोंद. 🧵

२/ सातव्या वर्षापासून पर्सी शिक्षकांच्या हाताखाली शिकत होता. सुटी अक्षरे त्याला ओळखू येत. त्यांचा शब्द झाला की ओळख हरवे. स्वतःचे नावही त्याने ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ असे लिहिले आणि पुन्हा पुन्हा लक्ष वेधेपर्यंत ती चूक त्याच्या ध्यानात आली नाही. जणू रफाराचा रकार झाला होता.

३/ याच पर्सीने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटपट आणि अचूक केला. अंक तो सहज वाचत असे. म्हणजे दृष्टीत दोष नव्हता, बुद्धीतही नव्हता आणि आळसाचा तर प्रश्नच नव्हता.

४/ टिपणातील सर्वांत मोलाची नोंद डॉक्टरांच्या तपासणीतून आलेली नाही. पर्सीला काही वर्षे शिकवलेल्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे : सारे शिक्षण तोंडी झाले असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

५/ अशी मुले तेव्हाच का दिसू लागली? १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांचे जाळे पसरले. १८८० मध्ये उपस्थिती सक्तीची झाली. त्याआधीच, १८६२ पासून, शाळांचे सरकारी अनुदान बरेचसे वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले गेले होते. वाचन हेच बुद्धीचे माप ठरले आणि त्या मापात न बसणारे मूल ‘मठ्ठ’ ठरू लागले.

६/ मॉर्गन यांनी कारण मेंदूच्या विशिष्ट भागाच्या अपुऱ्या वाढीत शोधले. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ मध्ये या ‘जन्मजात शब्दांधत्वा’वर ग्रंथ लिहिला. अशा मुलाला वर्गात सर्वांबरोबर नव्हे, तर स्वतंत्रपणे शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता.

७/ पुढे अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून अध्यापनाची नवी पद्धत घडली : अक्षर पाहायचे, त्याचा ध्वनी ऐकायचा, उच्चारायचा आणि हाताने गिरवायचा. मूल तेच राहिले, शिकवणे बदलले.

८/ आता महाराष्ट्राकडे वळू. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास राज्य शासनाने १९९६ मध्ये सुरुवात केली : वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेतून सूट. पर्सीच्या नोंदीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोहोंना देशभर मान्यता दिली.

९/ तरीही सवलत आणि सन्मान एक नव्हेत. वाढीव अर्धा तास मिळालेल्या मुलाकडे वर्ग आजही ‘याला सूट आहे’ अशाच नजरेने पाहत असेल, तर १८६२ चे माप अजून बदललेले नाही.

१०/ पर्सीचे पुढे काय झाले, हे ते टिपण सांगत नाही. मात्र त्याला काय येत नाही हे सारे मोजत असताना, त्याला काय येते हे त्याच्या शिक्षकाने पाहिले होते. त्या नजरेसाठी ना नवे शास्त्र लागले, ना कायदा.