दोन स्फोटांची सोयरीक

आकाशात दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या की त्यांचे नाते जुळविण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. शेपटीचा तारा दिसला आणि राजा वारला, एवढ्यावर लोकांनी कार्यकारणभाव बसविले. खगोलशास्त्रज्ञालाही हा मोह पडतो. फरक इतकाच, की तो त्याची परीक्षा घेतो. अशाच एका परीक्षेची हकीकत आज सांगावयाची आहे.

अणुस्फोटांच्या चाचण्या कोणी चोरून करतो की काय, यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक लोट टिपला. तो अणुबॉम्बचा नव्हता. १९७३ साली असे सोळा स्फोट जाहीर झाले. पुढे कळले, की प्रचंड तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना असे स्फोट होतात. म्हणजे ही ताऱ्याची मरणघटका होय.

दुसरी गोष्ट २००७ सालची. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी चाळताना लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांना एक रेडिओ स्पंद सापडला. तो पाच सहस्रांश सेकंदही टिकला नव्हता. अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात. त्या किती मागे पडल्या, यावरून हा स्पंद आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा ठरला.

दोन्ही क्षणिक, दोन्ही दूरचे! मग ती एकाच घटनेची दोन रूपे नसतील कशावरून? बॅनिस्टर व सहकाऱ्यांनी पार्क्सचीच १२ मीटरची लहान दुर्बीण नऊ गॅमा स्फोटांकडे झटपट वळविली. दोन स्फोटांनंतर काही मिनिटांत एकेक स्पंद मिळालाही. परंतु २०१२ साली हे प्रसिद्ध करताना त्यांनी नाते जुळल्याची दवंडी पिटली नाही. ही सावधगिरी वावगी नव्हती. पार्क्सला मिळालेले काही फसवे स्पंद चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार उघडल्यामुळे निघत होते, हे २०१५ मध्ये उघडकीस आले.

२०१६ साली एकाच ठिकाणाहून पुनःपुन्हा स्पंद येत असल्याचे जाहीर झाले. तारा तर एकदाच मरतो! तेव्हा या स्पंदांचा जनक जिवंतच असला पाहिजे. संशय मॅग्नेटारांवर, म्हणजे अतितीव्र चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होता. परंतु २७ डिसेंबर २००४ रोजी अशा एका ताऱ्याने गॅमा किरणांचा महाप्रचंड लोट फेकला, तेव्हा पार्क्सची दुर्बीण योगायोगाने चालू होती. श्रीहर्ष तेंडुलकर व सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या. स्पंदाचा मागमूस नव्हता. उलट २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारने रेडिओ स्पंद आणि क्ष-किरण जवळजवळ एकाच क्षणी पाठविले. निदान काही स्पंदांचे कुळ लागले.

गॅमा स्फोटांशी सोयरीक मात्र सिद्ध झालेली नाही. काही स्फोटांतून मॅग्नेटार जन्मत असतील, तर ती भावंडे नसून मायलेकरे निघतील. पण तेही पुराव्यावाचून मान्य करावयाचे नाही. शेपटीचा तारा आणि राजा यांच्या बाबतीत लोकांनी जुळलेले प्रसंग तेवढे लक्षात ठेवले. राजा सुखरूप राहिला, अशा वर्षांची नोंद कोणी ठेवली नाही. येथे न जुळलेल्या प्रसंगांचीही नोंद झाली, आणि ती अभिमानाने छापली गेली.