दया आणि दाद

1876 ते 1878 या काळात मद्रास, मुंबई आणि म्हैसूर या मुलखांत पडलेल्या दुष्काळाने अर्ध्या कोटीहून अधिक माणसे नेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. ऑगस्ट 1877 मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने विलायतेकडे मदत मागितली, लंडनच्या लॉर्ड मेयरने मॅन्शन हाउसमध्ये निधी उघडला आणि हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या लोकांनी लाखो पौंड दिले. याच दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात उपाशी माणसांची छायाचित्रे घेतली. बरगड्या मोजता याव्यात अशी ती माणसे ओळीने, कॅमेऱ्यासमोर नीट बसवलेली दिसतात. त्यांच्याभोवती ना सारा वसूल करणारा अंमलदार, ना दुष्काळी काम, ना बंदराकडे निघालेला गहू. आणि गव्हाची निर्यात तर चालूच होती. अशा चित्रापुढे माणूस हळहळतो आणि खिशात हात घालतो. हे असे का झाले, हा प्रश्न चित्रच त्याला विचारू देत नाही. आवाहन दूरचे दुःख नुसते कळवत नाही, त्याबद्दल काय वाटावे हेही ठरवून टाकते.

त्याच दुष्काळाबद्दल पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था वेगळ्या भाषेत बोलत होती. तिने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. जानेवारी 1877 मध्ये सरकारने दुष्काळी भागात पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी रोज एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा एवढ्यावर दिवसभर खडी फोडणारा माणूस जगेल कसा, असा सभेचा सवाल होता. पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम, आले. 1896-97 च्या दुष्काळात सभेच्या माणसांनी आणि टिळकांच्या ‘केसरी’ने शेतकऱ्यांना त्यातली कलमे समजावून सांगितली: पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी मागा. इथे उपाशी माणूस दयेचा विषय उरला नाही, दाद मागणारा झाला. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. मॅन्शन हाउसच्या निधीवर अशी वेळ आली नाही, यातच बरेच काही आले.

यावर आक्षेप असा की मरणाऱ्याला आज भाकरी हवी, कारणमीमांसा नंतर. तो खराच आहे. त्या निधीने कित्येक जीव वाचवले. दुसरा आक्षेप अधिक अवघड. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मालीतल्या रोकिया या एका मुलीसाठी लोकांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, दुष्काळाच्या आकडेवारीसाठी 1.14, आणि मुलीच्या जोडीला आकडेही दिले तेव्हा 1.43. म्हणजे माहितीने दया आटते. पण या प्रयोगाने मोजले ते त्या घटकेचे दान. शिवाय कोरडे आकडे म्हणजे कारण नव्हे. टेंपल यांची मजुरी हाही आकडाच होता, पण त्याला ठरवणारा कोणी होता, म्हणून त्याने संताप आणला. चेहरा वगळा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या चेहऱ्यावर ही वेळ कोणत्या निर्णयामुळे आली, हे गाळणारे आवाहन दात्याला समाधान देते आणि निर्णय घेणाऱ्याला मोकळे सोडते.