सीपॅप मास्कमुळे होणारा डोळ्यांचा त्रास

सीपॅप मास्कमुळे होणारा डोळ्यांचा त्रास हा अवरोधी निद्रा-श्वासरोध (स्लीप ॲप्निया) या विकारावर केल्या जाणाऱ्या सीपॅप उपचाराचा एक परिचित अनिष्ट परिणाम आहे. यात सकाळी उठल्यावर डोळे लाल होणे, कोरडे पडणे, चुरचुरणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, पाणी वाहणे, पापण्या सुजणे अशा तक्रारी आढळतात. बहुतेक वेळा मास्कच्या वरच्या कडेतून निसटणारी हवा रात्रभर डोळ्यांवर येत राहणे हे त्याचे कारण असते. मात्र सर्वच रुग्णांत तसे नसते. काहींमध्ये हवा नाकातून अश्रुनलिकेच्या मार्गाने उलट डोळ्यात येते, तर काहींमध्ये डोळ्यांचा विकार मास्कमुळे नव्हे, तर मूळ निद्राविकाराशीच निगडित असतो. उपाय कारणानुसार बदलत असल्याने कारणाचा शोध हा या त्रासाच्या व्यवस्थापनातील पहिला टप्पा मानला जातो.

हा त्रास सहसा गंभीर नसतो. तरीही त्याला कंटाळून अनेक रुग्ण मास्क वापरणे सोडून देतात आणि त्यांचा निद्रा-श्वासरोध उपचाराविना राहतो. अशा उपचाराविना राहिलेल्या विकाराचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि दिवसा येणाऱ्या झोपेमुळे होणारे वाहन-अपघात यांच्याशी आहे.

पार्श्वभूमी

अवरोधी निद्रा-श्वासरोधात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग वारंवार बंद होतो आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते. सीपॅप यंत्र नाकावाटे, अथवा नाक व तोंड या दोहोंवाटे, सतत धन दाबाची हवा पुरवून हा मार्ग उघडा ठेवते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. पाच रुग्णांवरील तिचे निष्कर्ष १९८१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीचे मास्क प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन घडवले जात आणि दररोज रात्री नाकाभोवती चिकटवावे लागत. सिलिकोनच्या मऊ गाद्या आणि पट्टे असलेले तयार मास्क नंतर आले. सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये होणाऱ्या नेत्रश्लेष्मलादाहाची नोंद वैद्यकीय साहित्यात १९८४ पासूनच आढळते, म्हणजे हा त्रास जवळपास उपचाराइतकाच जुना आहे.

घरगुती यंत्रांचा दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. हा दाब मोठा नाही. पण निरोगी डोळ्यावरही सहा-सात तास अखंड वारा येत राहिला, तर अश्रूंचा पातळ थर सुकण्यास तो पुरेसा ठरतो. झोपेत अश्रूंची निर्मिती मंदावते आणि पापण्यांची उघडझाप थांबलेली असते, त्यामुळे डोळ्याचे नैसर्गिक संरक्षण त्या काळात कमीच असते. झोपेत पापण्या पूर्ण न मिटणाऱ्या व्यक्तींना हा त्रास अधिक तीव्रतेने जाणवतो. अशा व्यक्तींना आपल्या या सवयीची बहुधा कल्पना नसते. घरातील माणसांनी ती पाहिलेली असते.

हवेची गळती

प्रत्येक मास्कला उच्छ्वासातील कर्बवायू बाहेर टाकण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे असतात. त्यांतून हवा जाणे ही गळती नव्हे, आणि ती छिद्रे कधीही बंद करू नयेत. त्रासदायक असते ती मास्कची गादी आणि त्वचा यांच्या फटीतून होणारी अनपेक्षित गळती. नाकाच्या मुळाशी, दोन्ही डोळ्यांच्या आतील कोपऱ्यांजवळ चेहऱ्याला खोलगट भाग असतो आणि तेथे गादी नीट टेकत नाही. फट तेथेच पडते व हवेचा झोत थेट डोळ्यात जातो.

गळती जाणवताच पट्टे घट्ट करणे ही वापरणाऱ्यांची स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि बहुधा तीच चुकीची ठरते. आजच्या बऱ्याच मास्कच्या गादीला सिलिकोनचा पातळ पापुद्रा असतो. आतील हवेच्या दाबाने तो फुगतो आणि चेहऱ्याच्या वळणांवर बसतो. पट्टे फार आवळले की हा पापुद्रा दबून त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमधून हवा अधिकच निसटते. शिवाय नाकाच्या हाडावर सतत दाब येऊन तेथील त्वचा लाल होते, क्वचित जखमही होते.

मास्क बसवण्याची योग्य रीत अशी सांगितली जाते: रुग्णाने ज्या स्थितीत झोपायचे त्याच स्थितीत आडवे व्हावे, यंत्र सुरू करून नेहमीचा दाब येऊ द्यावा, सर्व पट्टे सैल करावेत आणि मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून गादी फुगली की पुन्हा अलगद ठेवावा. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पट्टे समान प्रमाणात, हवा थांबेल इतकेच ओढावेत. वरच्या पट्ट्यांनी मास्कची वरची कड आणि खालच्यांनी खालची कड नियंत्रित होते. डोळ्यांकडे हवा येत असेल तर वरच्या पट्ट्यांत थोडा फेरफार करून पाहावा. बसून, यंत्र बंद असताना आरशासमोर केलेली जुळवणी रात्री बऱ्याचदा निरुपयोगी ठरते, कारण आडवे झाल्यावर गाल व गळ्याचे मांसल भाग सरकतात आणि दाब वाढल्यावर मास्क चेहऱ्यापासून उचलला जातो. अनेक यंत्रांत पूर्ण दाबावर मास्क तपासण्याची सोय असते, पण वापरणाऱ्यांना तिची माहिती क्वचितच करून दिली जाते.

मास्कच्या आकाराची निवडही तितकीच निर्णायक असते. फार मोठा मास्क डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो, तर लहान मास्क नाकपुड्यांवर चढतो. नाकपुड्यांच्या तोंडाशीच बसणाऱ्या लहान गाद्यांच्या प्रकारात (नेझल पिलो) नाकाच्या मुळाशी काहीच टेकत नसल्याने डोळ्यांकडे जाणारी गळती सहसा होत नाही. त्यामुळे वारंवार त्रास होणाऱ्यांना हा पर्याय सुचवला जातो. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना किंवा फार जास्त दाब लागणाऱ्यांना तो मानवेलच असे नाही. दाढी-मिशा, चेहऱ्यावरील तेल, रात्री लावलेले मलम यांमुळेही गादी सरकते. कुशीवर झोपणाऱ्यांचा मास्क उशीच्या कडेने ढकलला जातो. अशा वेळी खालच्या बाजूच्या डोळ्यालाच अधिक त्रास होत असल्यास कारण उशीत शोधावे. कडेला खाच असलेल्या उशा याकरिता मिळतात.

गादीचे सिलिकोन कालांतराने त्वचेच्या स्निग्धतेने निबर होते. काही महिन्यांनी ती बदलावी लागते. भारतात हा खर्च बहुधा रुग्णालाच करावा लागत असल्याने तो पुढे ढकलला जातो.

अश्रुनलिकेतून येणारी हवा

काही रुग्णांच्या मास्कमध्ये गळती नसते, तरीही डोळ्याच्या आतील कोपऱ्यातून हवा फुसफुसते किंवा बुडबुडे येतात. याचा उलगडा अश्रूंच्या निचऱ्याच्या रचनेत आहे. प्रत्येक पापणीच्या आतील टोकाला एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून अश्रू अश्रुपिशवीत व तेथून नासाश्रुनलिकेद्वारे नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते याच मार्गामुळे. नलिकेच्या नाकातील तोंडाशी श्लेष्मल पडद्याची एक घडी असते. तिला हास्नरची झडप म्हणतात. ती नाकातील हवेला वर जाण्यापासून अडवते, पण सर्वांमध्ये ती सारखी कार्यक्षम नसते. नाकातील दाब वाढला की हवा या मार्गाने उलट वर चढते.

अश्रुपिशवी व नाक यांच्यात नवा मार्ग करण्याची शस्त्रक्रिया (डीसीआर) झालेल्या व्यक्तींमध्ये हा प्रकार विशेषतः आढळतो, कारण त्यांच्यात झडपेला वळसा घालणारा मार्गच तयार केलेला असतो. यावर मास्क बदलून उपयोग होत नाही, कारण कोणताही मास्क लावला तरी नाकातील दाब तोच राहतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाबाचा फेरविचार करणे, श्वास व उच्छ्वासासाठी वेगवेगळा दाब देणारे द्विस्तरीय यंत्र वापरणे, अथवा नेत्रतज्ज्ञांकडून पापणीच्या छिद्रात लहान प्लग बसवून घेणे हे पर्याय वापरले गेले आहेत. अशी शस्त्रक्रिया झाली असल्यास सीपॅप सुरू करण्यापूर्वीच ती माहिती निद्रातज्ज्ञांना देणे आवश्यक असते.

मूळ विकाराशी निगडित नेत्रविकार

१९८१ मध्येच कल्बर्टसन आणि ऑस्टलर यांनी शिथिल पापणी विकाराचे वर्णन केले. यात वरची पापणी रबरासारखी सैल होते, हलक्या ओढीनेही उलटी होते आणि झोपेत उशीला घासून तिची आतील बाजू लाल व खरबरीत बनते. हे रुग्ण बहुतांशी स्थूल पुरुष असतात आणि त्यांच्यात निद्रा-श्वासरोधाचे प्रमाण मोठे असते. ज्या कुशीवर रुग्ण झोपतो त्या बाजूचा डोळा अधिक बिघडतो. येथे चिकट स्राव व लाली पाहून दोष मास्कला दिला जातो आणि मास्क सोडला जातो. प्रत्यक्षात श्वासरोधावरील उपचाराने पापणीच्या तक्रारींत सुधारणा झाल्याचेही आढळले आहे. मास्क सुरू करण्यापूर्वीही डोळे असेच लाल होत होते का, हा साधा प्रश्न निदानाला बरीच दिशा देतो.

निद्रा-श्वासरोधाचा संबंध काचबिंदू आणि दृष्टिचेतेच्या रक्तपुरवठ्यात अचानक येणाऱ्या खंडाशीही जोडला गेला आहे. या दुसऱ्या विकारात सकाळी उठताच एका डोळ्याची दृष्टी वेदनेविना मंद झाल्याचे लक्षात येते. ती कोरडेपणाची तक्रार नसून तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ असते. सीपॅप वापरताना डोळ्यातील दाब काही प्रमाणात वाढतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे काचबिंदूच्या रुग्णांनी आपल्या नेत्रतज्ज्ञांना या उपचाराची कल्पना द्यावी, असे सुचवले जाते.

डोळ्यांची काळजी

गळती थांबवणे हा मूळ उपाय असला, तरी तोपर्यंत डोळ्यांना आराम द्यावा लागतो. परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू आणि झोपण्यापूर्वी घालायचे वंगणकारी जेल यांचा उपयोग होतो. मलमाने दृष्टी काही काळ धूसर होते, आणि ते गालावर पसरल्यास मास्कची गादी घसरते. त्यामुळे मास्क लावण्याच्या काही वेळ आधी थोडेच मलम घालून बाहेरचा भाग पुसून घ्यावा. डोळ्यांवर बांधायची मऊ कापडी पट्टी किंवा ओलावा टिकवणारा चष्मा हवेचा झोत अडवतो. पापण्या चिकटपट्टीने बंद ठेवणे हा उपाय मात्र नेत्रतज्ज्ञांनी दाखवल्याशिवाय करू नये, कारण पट्टी सैल झाल्यास ती बुबुळावर घासते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून सीपॅप लावणे धोक्याचे आहे.

यंत्राचा तापयुक्त आर्द्रक नाक व घशाचा कोरडेपणा कमी करतो; डोळ्यांवर येणारा वारा त्याने थांबत नाही. छताचा पंखा किंवा वातानुकूलकाचा झोत थेट चेहऱ्यावर येत असल्यास तोही वाटेकरी असतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष जाणवते.

मास्कची गादी दररोज सौम्य साबण व कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रावण किंवा नीट न धुतलेला फेस हाही जळजळीचे कारण ठरू शकतो. झोपण्यापूर्वी चेहरा धुणे व काजळ पुसणे इष्ट असते.

घरगुती उपाय म्हणून गुलाबपाणी, मध किंवा एरंडेल तेल डोळ्यांत घालण्याची प्रथा आहे. ही द्रव्ये निर्जंतुक नसल्याने संसर्गाचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना घेतलेले स्टेरॉइडयुक्त थेंब अधिक घातक असतात. त्यांनी लाली लगेच ओसरते, पण दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो आणि संसर्ग झाकला जातो. लाली घालवणाऱ्या साध्या थेंबांनंतरही ती पुन्हा उलटते.

दुखणे, प्रकाश सहन न होणे, पिवळा स्राव, दृष्टी धूसर होणे किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसणे ही पारपटलाच्या जखमेची अथवा संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतपासणी करावी. त्या काळात मास्क किती दिवस थांबवायचा, की फक्त बदलायचा, हे नेत्रतज्ज्ञ आणि निद्रातज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे लागते; दाब स्वतःहून कमी केल्यास श्वासरोध परत येतो.

उपकरणांबाबतचे इशारे

जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स या कंपनीने आवाज कमी करण्यासाठी वापरलेला फेस झिजण्याच्या शक्यतेमुळे लाखो यंत्रे परत मागवली. त्या वेळी नमूद झालेल्या संभाव्य परिणामांत डोळे व त्वचेची जळजळ यांचाही समावेश होता. सप्टेंबर २०२२ मध्ये याच कंपनीने चुंबकीय खटके असलेल्या मास्कबाबत सूचना काढली. पेसमेकरसारखी उपकरणे शरीरात असलेल्यांबरोबरच डोळ्यात धातूचा कण अडकलेल्या व्यक्तींनीही असे मास्क वापरू नयेत, असे तीत म्हटले होते. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्या रुग्णांना मास्क देताना हा प्रश्न विचारणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. खटके असलेला मास्क रुग्ण स्वतः वापरत नसला, तरी शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचा मास्कही याच सूचनेच्या कक्षेत येतो.