धोकटीची शिवण

फेब्रुवारी २०२१. अमरावतीत दुसऱ्यांदा लॉकडाऊन लागलं होतं. बाकी महाराष्ट्र अजून मास्क हनुवटीवर लावून फिरत होता आणि आमच्या शहराचं शटर २२ तारखेला खाली आलं. बाबांचं सलून इतवारा बाजाराच्या बाजूला आहे. ते बंद. आदल्या वर्षीही मार्चपासून बंद होतं. २८ जूनला सरकारनं उघडायला परवानगी दिली, पण फक्त केस कापायचे, दाढी नाही. न्हाव्याला दाढी करायची नाही म्हणजे काय, ते ज्याच्या घरात दुकान आहे त्यालाच कळतं.

तर त्या फेब्रुवारीत बाबांनी खिळ्यावरची आबाजींची धोकटी खाली काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी गुपचूप जाऊ लागले. एका रिटायर मास्तरांच्या फ्लॅटचा तिसरा मजला चढताना धोकटीची खालची शिवण सुटली. कात्री, वाटी, आरसा, सगळं खणखणत दोन मजले खाली गेलं. आरसा फुटला. अख्ख्या अपार्टमेंटला कळलं की न्हावी आलाय.

त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं धोकटी सुतळीनं बांधून पडली होती. ती शिवून आणायचं मी मनावर घेतलं, आणि हा लेख त्या खटपटीतून निघाला.

धोकटी हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर त्यात तुमची चूक नाही. न्हाव्याच्या हत्यारांची चामड्याची पिशवी म्हणजे धोकटी. हिंदीत तिला किसबत म्हणतात. आमची साधारण दीड वीत लांब आहे, वरून झाकण, झाकणाला चामड्याचाच बंद. आत कप्पे. वस्तऱ्याचा लांबट कप्पा, कात्रीचा, नखं काढायच्या नराणीचा, चिमट्याचा. एका बाजूला धार लावायचा दगड, दुसऱ्या बाजूला धार परजायची चामड्याची पट्टी. मधल्या मोठ्या जागेत पाण्याची वाटी आणि आरसा. बाराव्या वर्षी मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मला ती एखाद्या सर्जनच्या पेटीसारखी वाटली होती. ते फार चुकीचंही नव्हतं. नराणीनं काटे काढायचे, गळवं फोडायची, ही कामं खेड्यात न्हावीच करायचा. कपाशीच्या धुऱ्यावर बाभळी, त्यामुळे काट्यांची कमी नव्हती.

आमचं मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही आणि लोखंड लवकर गंजतं. आबाजी वस्तरा पुसून, तेलाचं बोट फिरवून मगच कप्प्यात घालायचे. तेच तेल वर्षानुवर्षं चामड्यात मुरत गेलं. धोकटी इतकी टिकली त्याचं निम्मं श्रेय मी त्या तेलाला देतो.

ही धोकटी आबाजींना मिळाली त्यांच्या लग्नानंतर, १९५८च्या सुमारास. तिचे पैसे कोणी दिले नाहीत. त्या वेळी गावात पैशाचा व्यवहार असा नव्हताच. बलुतं होतं. न्हाव्यानं वर्षभर घरटी हजामत करायची, जावळ काढायचं, कोणी गेलं की दहाव्याला डोकी करायची, लग्नात पडेल ते काम करायचं. बदल्यात सुगी झाली की खळ्यावर जायचं आणि ज्वारी घ्यायची. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. त्यात हा सगळा हिशेब आहे. बलुतेदारांच्या ओळी लावलेल्या असत, कोण थोरल्या ओळीत, कोण मधल्या, कोण धाकट्या. ज्याची ओळ मोठी त्याच्या सुपात दाणा जास्त. न्हावी साधारण मधला. आजी सांगायची, खळ्यावर शेवटी उरलेली मातीमिश्रित ज्वारी कोणाच्या वाट्याला जायची ते. पण तो दुसरा लेख होईल.

धोकटी शिवली गावातल्या चांभारानं. बाभळीच्या सालीत कमावलेलं बैलाचं चामडं, हातानं ओढलेला दोरा. हे ऐकून मी बाबांना एक साधा प्रश्न विचारला. साधा म्हणजे मला तसा वाटला होता.

“ज्यांनं शिवली, त्याचे केस आबाजी कापत होते का?”

बाबा गल्ल्यातली चिल्लर मोजत होते. मोजून झाली, तरी पुन्हा मोजायला लागले.

“गावात नाई कापे,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “बाजारात कापे. अठवडी बाजारात कोन कोनाचा हाय, कोन पायते?”

डॉ. आंबेडकरांनी लहानपणच्या आठवणीत लिहिलंय की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पण त्यांचे केस कापायला एकही तयार नव्हता, ते काम त्यांची थोरली बहीण करायची. मी हे शाळेत वाचलं होतं. वाचताना मी बहिणीच्या बाजूनं वाचलं, जसं सगळेच वाचतात. त्या वाक्यातला ‘न्हावी’ म्हणजे आम्ही, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. सेवा नाकारणं १९५५च्या अस्पृश्यता कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं. आमची धोकटी त्यानंतर तीन वर्षांनी शिवली गेली, आणि ज्या हातांनी शिवली त्यांच्यासाठी ती गावात उघडली नाही.

आबाजींना मी दोष देतोय का? देतोय. आणि हेही माहीत आहे की त्यांनी चावडीच्या मागे बसून चांभाराची हजामत केली असती तर दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरचं बोलावणं बंद झालं असतं, आणि सुगीला सूप रिकामं. आमची स्वतःची जागाही ओसरीच्या खालीच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

नकाराची एक वेगळी गोष्टही आमच्याच जातीच्या नावावर आहे, ती सांगायलाच पाहिजे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. लोखंडे म्हणजे जोतिराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. विधवांचं केशवपन करायचं नाही, असं त्या सभेत शेकडो न्हाव्यांनी ठरवलं. लंडनच्या ‘टाइम्स’नं त्याची बातमी दिली होती. हातावर पोट असलेली माणसं स्वतःचं गिऱ्हाईक सोडत होती. म्हणजे धोकटी बंद ठेवणं हे आमच्याकडे दोन्ही प्रकारे झालंय. सभासमारंभात आम्ही १८९० सांगतो, दुसरं सांगत नाही.

बाबांच्या त्या ‘बाजारात कापे’वर मी बरेच दिवस अडकलो होतो. कारण वऱ्हाडात बाजार वाढला तो एका विशिष्ट काळात, आणि कापसामुळे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. १८६७ पर्यंत जीआयपीची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. अमरावती मुख्य मार्गावरून सुटली, म्हणून तिला बडनेऱ्याहून फाटा द्यावा लागला. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. जिनिंग, प्रेसिंग, दलाल, हमाल, गाडीवान. ही माणसं कोणाच्याच बलुत्यात नव्हती. त्यांना दाढी हवी होती आणि त्यांच्या हातात नाणं होतं. कापूस बाजाराच्या कडेला, झाडाखाली, विटेवर बसवून हजामत सुरू झाली. तिथे गिऱ्हाइकाला गाव विचारायची सवड नव्हती. विचारणारे विचारत असतीलच म्हणा.

आबाजी १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून अमरावतीला आले. परकोटाच्या आतल्या एका बोळात खुर्ची मांडली. बाबांनी पुढे दुकान घेतलं. दुकानात ड्रॉवर असतात, त्यामुळे धोकटी खिळ्यावर गेली. नंतर आतलं सामानही एकेक करून निरुपयोगी झालं. पात्याचा रेझर जिलेटनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढला होता, पण आपल्याकडच्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा त्यानं हलला नाही. तो हलवला एड्सच्या भीतीनं. १९८६ मध्ये भारतात पहिल्यांदा एचआयव्हीची लागण सापडली आणि पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी विचारू लागलं, “पत्ती नवी हाय ना?” वस्तऱ्याच्या जागी पत्ती बसवायची मूठ आली. वस्तरा गेला तसा धार लावायचा दगड गेला, पट्टी गेली. धोकटीचे निम्मे कप्पे रिकामे.

मग शिवायची कशाला? हा प्रश्न मला अमरावतीत तीन ठिकाणी विचारला गेला. राजकमल चौकाजवळच्या बॅगवाल्यानं धोकटी दोन बोटांनी धरून परत दिली. एक जण म्हणाला, ऑनलाइन चारशेला मस्त किट-बॅग येते, झिपवाली. अकोल्याच्या माझ्या चुलतभावाचं म्हणणं आणखी रास्त होतं. त्यानं पीएम विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ती योजना, अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात नाभिक आहेत आणि चर्मकारही. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर. “ट्रिमर येते त्याच्यात,” तो म्हणाला. “तू चामडं घेऊन फिरून रायला.”

पण कारागीरही त्यानंच दाखवला. अकोल्यात, गांधी रोडच्या कडेला ताडपत्री बांधून बसणारे एक काका. सत्तरीच्या आसपासचे. समोर ऐरण, रापी, आऱ्या, मेणाचा गोळा. त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी लाकडी होती आणि तिचं एक बिजागर चपलेच्या पट्ट्याचं होतं.

त्यांनी धोकटी आधी नाकाला लावली. मग आत हात घालून शिवण चाचपली. “दोरा सडला. चामडं नाई सडलं,” म्हणाले. बूड नवं लावावं लागेल, झाकणाचा बंद नवा, कप्प्यांची एक ओळ पुन्हा. बैलाचं तसलं जाड चामडं मात्र नाही मिळायचं. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यांच्यापर्यंत ते येतच नाही. म्हशीचं लावतो म्हणाले. साडेतीनशे रुपये.

“नवीन घ्या ना भाऊ, स्वस्त पडते.”

मी म्हटलं, आजोबांची आहे. कोण होते आजोबा, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, न्हावी, दर्यापूरकडचे. त्यांनी मान हलवली आणि आरीनं जुना दोरा उसवायला घेतला. बराच वेळ फक्त दोरा तुटण्याचा आवाज.

“माह्या बाचे केस माही आजी कापे,” ते खाली बघतच म्हणाले. “शेळीचे केस कापाची कात्री होती. तिनंच.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी इतकी पुस्तकं वाचून आलो होतो, तारखा पाठ होत्या. मी “हाव काका” एवढंच म्हणालो. त्यांनी जुन्या शिवणीची भोकं दाखवली. एका रेषेत, सारख्या अंतरावर, साठ-पासष्ट वर्षांनंतरही एकही भोक फाटलेलं नव्हतं. “ज्यानं केली त्याचा हात चांगला होता,” ते म्हणाले. “मी याच भोकातून घेतो दोरा. नवीन पाडले तं चामडं कमजोर होते.” नाव विचारलं त्यांनी, त्या चांभाराचं. मला माहीत नव्हतं. तिथूनच बाबांना फोन लावला. बाबांनाही माहीत नव्हतं. आबाजींचं नाव मात्र धोकटीच्या आतल्या बाजूला, झाकणाखाली, तापल्या खिळ्यानं कोरलेलं आहे.

आठ दिवसांनी धोकटी घ्यायला बाबा स्वतः माझ्याबरोबर अकोल्याला आले. दुकान बंद ठेवून, शनिवारी, जे ते कधी करत नाहीत. बुडाचं नवं चामडं काळपट, वरचं जुनं तांबूस, जोड लपवायचा काकांनी प्रयत्न केला नव्हता. एरंडेल तेल चोळून दिलं होतं. पैसे देताना बाबांनी त्यांच्या मानेकडे पाहिलं. ती त्यांची सवय आहे, कोणाच्याही मानेकडे आधी बघतात. केस कॉलरवर आले होते.

“कापू का?” बाबा म्हणाले. “सामान हाय सोबत.”

काका हसले. “सोमवारीच जातो मी, इथीसाच दुकान हाय पोट्ट्याचं. चांगला कापते.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, तेल वर्षातून दोनदा लावा, पाण्यात ठेवू नका.

परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर गेल्यावर, बाबांनी धोकटी मांडीवर घेऊन सामान लावून पाहिलं. कात्री बसली, चिमटा बसला, पत्त्यांचं पाकीट वस्तऱ्याच्या कप्प्यात गेलं. नराणीचा कप्पा मात्र नव्या शिवणीत दोन सूत अरुंद झाला होता. बाबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वाटीच्या जागेत ठेवली.