आटलेली बोअर आणि डेन्व्हरची विहीर

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत सूचना आली : आटलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडून द्यावं, खर्च वाचेल. मला डेन्व्हर आठवलं.

अमेरिकेतल्या या शहराजवळ रॉकी माउंटन आर्सेनल हा लष्कराचा रासायनिक कारखाना होता. त्याचं सांडपाणी आधी उघड्या तळ्यांत सोडत. ते जमिनीत मुरलं, आसपासची पिकं जळाली. म्हणून १९६१ मध्ये सुमारे ३,६७० मीटर खोल विहीर खणली. इतक्या खाली गेलं की सुरक्षित, असा हिशोब! १९६२ मध्ये सांडपाणी त्यात दाबायला सुरुवात झाली आणि लवकरच परिसरात भूकंप जाणवू लागले. १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने दाबलेलं सांडपाणी आणि भूकंप यांचा मेळ दाखवून दिला. १९६६ मध्ये विहीर थांबवली, पण सर्वांत मोठे धक्के बसले ते त्यानंतर, आपली कोयना हादरली त्याच १९६७ साली. खडकांच्या भेगांतून दाब पसरतच राहिला होता.

आमच्या बोअरने भूकंप होणार नाही, हे खरं. पण शेजाऱ्यांच्या विहिरी नासतील. सभेत मी विरोधात हात वर केला. मागून आणखी दोन हात वर आले. सूचना तूर्त बारगळली आहे.